दुधाचा हिशोब

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने मोबाईलवर एक फोटो पाठवला. डोंबिवलीतल्या तिच्या सासरच्या फ्रिजचा. मधल्या कप्प्यात अगदी मागे झाकणाच्या चार छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर पेनाने लिहिलेली तारीख आणि वेळ. शेजारी आलं-लसणाचं वाटण आणि आदल्या रात्रीच्या खिम्याचा डबा. फोटोखाली मेसेज : "मावशी, सासूबाई म्हणतात हे दूध शिळं. आणि असं काढून ठेवणं जायज आहे का, तेही विचारतात. तू वाचतेस-लिहितेस, तूच सांग."

भाची ठाण्याला एका ऑफिसात काम करते. बाळ सात महिन्यांचं आहे. ती गाडीत असते, ऑफिसात असते, तेव्हा तिचं दूध घरी असतं आणि सासूबाई ते बाळाला चमच्या-वाटीने पाजतात. पाजतात, पण मनात शंका ठेवून.

मी आलिमा नाही, डॉक्टरही नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणारी बी.एड. मास्तरीण आहे. पण या प्रश्नाशी माझं जुनं नातं आहे. वीस वर्षांपूर्वीची एक रात्र आणि आमच्या घरातली हिशोबाची एक वही अजून माझ्याजवळ आहे. त्या वहीपर्यंत पोहोचायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे दूधपाजणीच्या नात्याला रजाअत म्हणतात आणि दूधभावाला रजाई भाई. माझी मुलं वर्गात यावर हसतात, कारण देवनागरीत लिहिलं की थंडीत पांघरायची रजाई आणि ही रजाई सारखीच दिसते. उर्दूत मात्र दूधवाल्या रजाईत 'ऐन' असतो, पांघरायच्या रजाईत नसतो. एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षरामागे एक आख्खं नातं उभं आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांना त्यांच्या वालिदांखेरीज आणखी दोन स्त्रियांनी दूध पाजलं होतं. आधी सुवैबा, मग बनू साद कबिल्यातल्या हजरत हलीमा. मक्केतली खानदानी घराणी आपली तान्ही मुलं वाळवंटातल्या कबिल्यांकडे पाठवत. हजरत हमजा नात्याने चुलते, पण त्यांनाही सुवैबाने पाजलं होतं, म्हणून ते दूधभाऊही झाले. हलीमांची मुलगी शैमा ही दूधबहीण. सीरतच्या पुस्तकांत येतं की हुनैनच्या लढाईनंतर कैद्यांमधून एक प्रौढ बाई पुढे आली आणि म्हणाली, मी तुमची बहीण. ओळख पटली तेव्हा पैगंबरांनी आपली चादर अंथरून तिला तीवर बसवलं. लहानपणीच्या दुधाची ती ओळख होती, मधे आयुष्य उलटून गेलेलं.

कुरआनात सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. त्याच आयतीत आईबापांनी एकमेकांच्या संमतीने आणि सल्ल्याने आधी दूध तोडलं तरी हरकत नाही असं आहे, आणि दुसऱ्या बाईकडून पाजून घ्यायचं तर तिचा मोबदला रीतसर द्या असंही आहे. सूरह निसाच्या २३ व्या आयतीत ज्यांच्याशी निकाह होऊ शकत नाही अशा नात्यांची यादी आहे. तीत जन्म देणाऱ्या आईबरोबर दूध पाजणारी आई आहे आणि दूधबहीणही आहे.

मग प्रश्न येतो तो आठवणीचा. कोणी कोणाचं दूध प्यायलं हे लक्षात कोणी ठेवायचं? बुखारीत उक्बा बिन हारिस यांची हकीकत आहे. त्यांचं लग्न झालेलं होतं. एक बाई आली आणि म्हणाली, मी तुम्हा दोघांना दूध पाजलं आहे. उक्बांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते मक्केहून स्वार होऊन मदीनेला गेले, पैगंबरांना विचारलं. असं सांगितलं गेल्यावर आता एकत्र कसं राहणार, असं उत्तर मिळालं आणि ते नातं तिथे संपलं. एका बाईच्या आठवणीने एक संसार मोडला. ही हकीकत वाचली की मला त्या नवराबायकोची कणव येते, पण वेळेवर न सांगितल्याची किंमत किती मोठी असते तेही कळतं.

हे फक्त अरबस्तानातलं नाही. अकबर १५४२ साली उमरकोटला जन्मला. आईबाप परागंदा, मूल दायांच्या हाती. त्यातली एक जीजी अंगा. तिचा मुलगा मिर्झा अजीज, त्याला 'कोका' म्हणजे दूधभाऊ हाच किताब कायमचा चिकटला. अजीज पुढे बादशहाशी अनेकदा फटकून वागला, पण त्याच्या-माझ्यामध्ये दुधाची नदी वाहते, ती मी ओलांडू शकत नाही, अशा अर्थाचं अकबर म्हणत असे, असं सांगतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात धाराऊ आहे. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावर. सईबाईंची प्रकृती खालावलेली, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ आली. सईबाई १६५९ मध्ये गेल्या. शंभूराजांची दूधआई म्हणून धाराऊचं नाव आजही घेतलं जातं, आणि तिच्या अंतोजी-रायाजी या मुलांचंही, राजांचे दूधभाऊ म्हणून. इतिहासात किती सरदारांची नावं पुसली गेली, पण दूध पाजणारीचं नाव लोकांनी टिकवलं. मुसलमानांकडे ते शरीअतमुळे टिकलं, मराठी माणसाकडे कृतज्ञतेने. दोन्हीकडे दुधाला नाव होतं.

आता दुसरी बाजू. आईलाच कामासाठी बाहेर जावं लागलं तर? रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं मूल. ती कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आहे आणि एसटी स्टँडांवर स्तनदा मातांसाठी केलेल्या खोलीलाही 'हिरकणी कक्ष' म्हणतात. ही दंतकथा असेल, पण तिच्यातलं दुःख खरं आहे. डोक्यावर गडभर विकायचं दूध, आणि स्वतःच्या लेकराला पाजायला वाट नाही.

आपल्या भागात हे अंतर रेल्वेने वाढवलं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, हा प्रकार बायकांसाठी नवा होता. शेतात बांधावर झोळी बांधता येते, साच्याजवळ येत नाही. मग गिरणीतल्या बायकांनी काय केलं? बाळाला अफूची गोळी दिली. तिला 'बाळागोळी' म्हणत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी १९२२ च्या सुमारास गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा हा प्रकार किती सर्रास आहे ते नोंदलं गेलं. त्या आयांना दोष देण्याआधी विचार करावा, की त्यांच्यापुढे दुसरं काय होतं? घरी सांभाळायला कोणी नाही, दूध साठवायची सोय नाही, रजा नाही.

रजेचा प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात आला. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देणारं भाषण केलं आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवडे रजा दिली, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. कागदावर हे चांगलंच आहे. पण ठाण्याला काम करणाऱ्या आणि डोंबिवलीला बाळ ठेवून येणाऱ्या बाईने त्या दोन सुट्ट्यांत करायचं काय? गाडीने घरी जाऊन परत येण्यातच अर्धा दिवस जाईल. त्या सुट्टीत ती एकच गोष्ट करू शकते, दूध काढून ठेवू शकते.

मला २००५ साली हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझी थोरली मार्च २००५ ची. तीन महिन्यांनी मी शाळेत रुजू झाले. शाळा मुंब्र्याला, घर कल्याणला खाडीकडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. दुपारपर्यंत पोलका भिजायचा. मी मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून बेसिनमध्ये टाकून द्यायचे. घरी त्याच वेळी सासूबाई माझ्या मुलीला म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजायच्या. एका टोकाला दूध वाया, दुसऱ्या टोकाला मूल उपाशी, आणि मधे तेरा किलोमीटर रूळ. घरात फ्रिज होता. त्यात कैरीचं लोणचं होतं, कोथिंबीर होती, फक्त ते दूध नव्हतं. आम्हाला कल्पनाच नव्हती.

२६ जुलैला मंगळवार होता. दुपारी पाऊस वाढला, गाड्या बंद पडल्या. आम्ही शिक्षिका आणि तीसेक मुली रात्रभर शाळेत अडकलो. फोन लागत नव्हते. रात्री छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मी अंधारात बेसिनपाशी उभी राहून दूध सांडत होते आणि रडत होते.

घरी काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, दिवा, डोंबिवली, ठाकुर्ली असं रुळांवरून चालत घरी पोहोचल्यावर. खालच्या मजल्यात पाणी शिरलेलं, वीज गेलेली, दूधवाला आलेला नाही. मुलगी रडून रडून निळी व्हायला लागली. तेव्हा समोरच्या घरातल्या भाभींनी तिला उचललं. त्या कल्याणच्या जुन्या कोकणी मुस्लिम घरातल्या. त्यांचा धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा. सासूबाई त्यांना आपल्या दखनीत म्हणाल्या, "बच्ची भुकी है, पिला दो बेटा. हिसाब मैं रखतूं."

आणि त्यांनी खरंच हिशोब ठेवला. आमचं घर मूळचं सोलापूरकडचं. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण घरखर्चाची वही कधी चुकली नाही. त्या वहीत दूधवाल्याच्या हिशोबाचं पान होतं : तारीख, लिटर, पैसे. २६ जुलैच्या रकान्यात लिटरच्या जागी त्यांनी उर्दूत लिहिलं, की आज दूध आलं नाही, समोरच्या बहूने बच्चीला तीन वेळा पाजलं. खाली सही.

तीन वेळा. हा आकडा महत्त्वाचा आहे. कल्याण, भिवंडी, ठाण्याचे जुने कोकणी मुसलमान इमाम शाफईंच्या फिकहवर चालतात. त्यांच्याकडे दूधनातं लागायला पाच वेगवेगळ्या वेळा पाजलेलं असावं लागतं. आम्ही हनफी. आमच्याकडे दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या पोटात एकदा जरी, थोडंसं जरी गेलं तरी नातं लागतं. म्हणजे एकाच जिन्यावरच्या दोन घरांत, भाभींच्या हिशोबाने माझी मुलगी शेजारीण राहिली आणि आमच्या हिशोबाने त्यांची मुलगी झाली. त्या रात्री याचा विचार कोणी केला नाही. मूल झोपलं, एवढंच पुरे होतं.

आता भाचीच्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. जायज आहे का? आईने आपलंच दूध आपल्याच मुलाला पाजणं हा हक्काचाच भाग आहे. ते छातीतून थेट गेलं काय किंवा वाटीतून गेलं काय, आई तीच आणि मूल तेच. नवं नातं कुठलं लागत नाही, जुनं तुटत नाही. शंकेला जागाच नाही.

शंका आहे ती दूधपेढीबद्दल, आणि मला वाटतं लोकांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. जगातली पहिली दूधपेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. आशियातली पहिली मुंबईत, आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी. ती उभी केली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी. हे रुग्णालय धारावीच्या शेजारचं. वेळेआधी जन्मलेली, किलो-दीड किलोची बाळं तिथे येतात. अशा बाळांना पावडरीच्या दुधाने आतड्याचा जीवघेणा आजार होण्याचा धोका वाढतो, आणि आई कधी बेशुद्ध असते, कधी तिला दूधच नसतं. म्हणून ज्यांना जास्त दूध आहे अशा आया दूध देतात. देणारीची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवलं जातं, जंतूंसाठी तपासलं जातं आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवलं जातं.

यात अनेक आयांचं दूध एकत्र होतं आणि नाव हरवतं. आपल्या उलमांची हरकत नेमकी इथे आहे. १९८५ साली जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने मुस्लिम देशांत अशा पेढ्या काढायला मनाई केली. त्याआधी १९८३ मध्ये शेख यूसुफ अल-करजावी यांनी परवानगीच्या बाजूने मत दिलं होतं. कोण प्यायलं, किती प्यायलं, काहीच माहीत नसताना केवळ शंकेवर नातं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद संपलेला नाही. इराणात २०१६ साली तबरीजला पेढी सुरू झाली. ढाक्यात २०१९ मध्ये तयार झालेली पेढी कायदेशीर नोटिशीनंतर थांबली. कराचीत २०२४ च्या जूनमध्ये सुरू झालेली पेढी, आधी अटींसह मिळालेला फतवा बदलल्यावर, त्याच महिन्यात बंद ठेवावी लागली. मलेशियात देणारी आणि घेणारी यांची एकमेकींना ओळख करून देऊन दूध देण्याची वाट काढली आहे.

मला यात एक गोष्ट दिसते. दोन्ही बाजूंचे लोक बाळाच्याच बाजूने बोलत आहेत. एकाला आजचा जीव वाचवायचा आहे, दुसऱ्याला पंचवीस वर्षांनंतरचा निकाह. सायनच्या काचेच्या पेटीत माझी नात असती तर मी आधी जीव म्हटलं असतं, आणि मौलाना साहेबांनाही तेच सांगायला लावलं असतं. पण हेही विचारलं असतं, की रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर नंबर लिहिता येतो तर दुधाच्या बाटलीचा हिशोब का नाही ठेवता येणार? धाराऊचं नाव कापूरहोळच्या लोकांनी तोंडी जपलं. आज संगणक आहेत.

आणि हाच हिशोब घरातल्या फ्रिजमध्येही लागतो. भाचीच्या घरात ती आणि तिची जाऊ, दोघींची मुलं अंगावर पिणारी. जाऊही आता कामाला लागणार आहे. उद्या त्याच कप्प्यात दोघींच्या बाटल्या असतील. वाटीने किंवा बाटलीने पाजलेलं दूधही रजाअतमध्ये धरलं जातं, असं बहुतेक फुकहांचं मत आहे. बाटल्या अदलाबदल झाल्या तर चुलत भावंडं दूधभावंडं होतील. आपल्यात चुलत-मावस भावंडांत सोयरिकी होतात. वीस वर्षांनी कोणीतरी एखादी सोयरीक सुचवेल आणि कोणाला काही आठवणार नाही. म्हणून मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पट्टीवर तारखेबरोबर नाव लिही.

राहिला शिळेपणाचा प्रश्न. सासूबाईंचा अनुभव गाई-म्हशीच्या दुधाचा आहे. ते दूध आपण आणल्याबरोबर उकळतो, नाहीतर दुपारपर्यंत नासतं. आईच्या दुधात जंतूंना अडवणारे घटक स्वतःचेच असतात, म्हणून ते काही तास तग धरतं. उकळलं तर हेच घटक मरतात. त्यामुळे हे दूध उकळायचं नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही ठेवायचं नाही. तो कुठे फार तापवतो, कुठे गार ठेवतो, आणि बाळाचं तोंड भाजतं.

सर्वसाधारण नियम असा आहे की काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये ४ अंशांवर चार दिवस आणि नीट गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. पण हे २५ अंश लक्षात ठेवावेत. कल्याण-डोंबिवलीत ते फार तर डिसेंबर-जानेवारीत मिळतात. एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात चार तास धरू नयेत, दूध काढलं की लगेच फ्रिज गाठावा. ऑफिसातून आणायचं तर बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यात आणावं. डोंबिवलीची गर्दीची गाडी आणि खांद्यावरची पर्स ही दूध टिकवायची जागा नव्हे. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर नियम याहून कडक असतात, ते डॉक्टरांनाच विचारावेत.

बाकी सगळं सासूबाईंना शिकवायची गरज नाही, त्यांना ते येतं. हात साबणाने धुवायचे. काचेची किंवा चांगल्या प्लास्टिकची झाकणाची भांडी धुऊन उकळून कोरडी करायची. एका बाटलीत थोडंच, साठ ते शंभर मिली, म्हणजे वाया जात नाही. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, कारण दार दिवसभर उघडतं, तर मागच्या बाजूला ठेवायचं. जुनं आधी वापरायचं. पाजायच्या आधी बाटली कोमट पाण्याच्या वाटीत उभी करायची. वर साय आल्यासारखा थर दिसतो, ते खराब झाल्याचं लक्षण नाही, हलकं फिरवलं की एकजीव होतं. बाळाने अर्धं टाकलेलं दोन तासांच्या पुढे ठेवायचं नाही. गोठवलेलं दूध एकदा वितळलं की फ्रिजमध्ये एक दिवस, आणि पुन्हा गोठवायचं नाही. वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. २६ जुलैच्या रात्री आमच्या फ्रिजमध्ये माझं दूध असतं तरी ते सकाळपर्यंत टिकलं नसतं, पण संध्याकाळची एक-दोन वेळ तरी भागली असती.

त्या रात्रीची गोष्ट तिथेच संपली नाही. गेल्या वर्षी भाभी मिठाईचा डबा घेऊन आल्या. आता त्या पलीकडच्या इमारतीत राहतात, पण येणं-जाणं तसंच आहे. त्यांच्या थोरल्याला नोकरी लागलेली, आणि त्यांनी माझ्या थोरलीसाठी विचारलं. मुलगा पाहिलेला, घर पाहिलेलं. माझे यजमान तर खूश झाले. मी आत जाऊन पेटीतून वही काढली.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. पान पिवळं पडलं आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. भाभींनी वाचलं आणि म्हणाल्या, "तीनदाच तर पाजलं होतं गं." त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या फिकहने वाट मोकळी होती, आमच्या नव्हती. आम्ही दोन्हीकडच्या आलिमांना विचारलं. दोघांनी आपापलं सांगितलं, आणि दोघेही म्हणाले की मुलीकडचे हनफी असताना संशयात लग्न नको. धाकटाच काय, थोरलाही तिचा दूधभाऊ.

भाभी थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलीला हाक मारली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुला सून करायला आले होते, तू तर माझी लेक निघालीस." मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती मला नंतर म्हणाली, बरं झालं अम्मी, मला इतक्यात करायचंच नव्हतं. या ईदला तिने त्या दोन्ही भावांकडून ईदी वसूल केली.

सासूबाईंनी ती ओळ लिहिली नसती तर? मला आठवलं असतं, की मनाला पटवून विसरले असते? खरं सांगायचं तर माहीत नाही. स्थळ चांगलं होतं.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवा फोटो आला. बाटल्या त्याच, जागा तीच. पट्ट्यांवर आता नावही होतं, मराठीत, तिच्या सासूबाईंच्या अक्षरात.